पेला मीच वाजवत होते

मित्रांनो, माझ्या झाकणावर पांढऱ्या रंगाने सात हा आकडा लिहिलेला आहे, म्हणून मला सगळे सात नंबर म्हणतात. मी डोंगरात न्यायची सॅक आहे आणि आता जुनी झाले आहे. एके काळी माझा रंग गडद निळा होता. आता तो कोणता आहे, हे मला पाहणाऱ्यांनाही नीट सांगता येत नाही.

माझा जन्म एका लांबट पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे बारा शिलाई मशीन एकदम चालत आणि त्या आवाजात कुणाचे कुणाला ऐकू येत नसे. मला शिवणारी बाई जाड भिंगांचा चष्मा लावायची. बाकीच्या जणी खांद्याच्या पट्ट्यांवर दोन टिपा मारत, ही तीन मारायची. एकदा मुकादम तिच्यापाशी येऊन ओरडला, "बाई, सॅक शिवताय की तंबू?"

मान वर न करता ती म्हणाली, "पट्टा तुटला तर तुम्ही जाणार आहात का उचलायला?"

त्या तिसऱ्या टिपेमुळे मी अजून टिकून आहे.

मला एका संस्थेने घेतले. ही संस्था सहली काढत नाही. काही मुलामुलींचे मन आजारी पडते. ती शाळेत जाईनाशी होतात, खोलीबाहेर येत नाहीत, फार घाबरतात किंवा फार चिडतात. अशा तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांना ही संस्था एकवीस दिवस रानात नेते. बरोबर या कामाचे शिक्षण घेतलेले दादा आणि ताई असतात. दर चौथ्या दिवशी डॉक्टरबाई डोंगर चढून येतात आणि प्रत्येकाशी वेगळे बसून बोलतात. कुणाला गोळ्या चालू असतील तर त्या पाहतात. बाकी वेळ मुले चालतात, पाणी भरतात, चूल पेटवतात, तंबू लावतात. तिथे मोबाइल नसतो आणि घड्याळही नसते. ज्याचे सामान त्याच्या पाठीवर असते.

मित्रांनो, तुम्हाला माणसे चेहऱ्याने आठवतात. मला पाठीने आठवतात. पहिल्या दिवशी बहुतेक पाठी सारख्याच असतात, आखडलेल्या. आठव्या-नवव्या दिवशी काही सैल होतात. काही होत नाहीत. तसे झाले की मला वाईट वाटते, पण मी सॅक आहे, मला सामान वाहण्यापलीकडे काही करता येत नाही.

पहिली पाच-सहा वर्षे माझे फार कौतुक झाले. मुले मला मिळवण्यासाठी भांडत. एक मुलगा दिवसभर कुणाशी बोलत नसे, पण विसाव्याला थांबलो की माझ्यावर डोके टेकून झोपायचा. निघताना त्याने माझी एकूण एक बक्कल पुसून ठेवली होती. मग एका तुकडीने मला ओलीच कोठारात टाकले. मला बुरशी लागली. बाजूचा खिसा उंदराने कुरतडला. त्यातच हलक्या, चकचकीत, चेनवाल्या नव्या सॅक आल्या आणि मी सगळ्यात खालच्या फळीवर गेले. दोन वर्षे मला कुणी हात लावला नाही. कोठार सांभाळणारे काका मात्र अधूनमधून मला उन्हात घालत. "हिच्या पट्ट्यांना काही झालेलं नाही," असे म्हणत आणि परत फळीवर ठेवत.

मग एका तुकडीत ती मुलगी आली.

तिला सोडायला तिचे बाबा आणि आत्या आले होते. मुलगी पंधरा वर्षांची होती. दहा महिन्यांपूर्वी तिची आई आजारपणात गेली होती. तेव्हापासून ती शाळेत गेली नव्हती आणि जेवणाचे ताटसुद्धा खोलीतच नेत होती. बाबा लिफ्ट दुरुस्त करणारे मिस्त्री होते. त्यांच्या नखांत ग्रीसची काळी रेघ होती आणि बोलणे त्यांना जमत नव्हते. त्यांच्या वाटचे सगळे त्यांची बहीण बोलत होती.

"एकवीस दिवस बघू," आत्या काकांना सांगत होती. "फरक पडला तर उत्तम. नाहीतर मी हिला माझ्याकडे घेऊन जाते. तिथल्या शाळेत बोलून ठेवलंय. अहो, हा दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात, ही दिवसभर खोलीत. दोघं मिळून घर म्हणजे गोदाम करून टाकलंय!"

"अक्का," बाबा म्हणाले.

"काय अक्का? खोटं आहे का?"

मुलगी जमिनीकडे पाहत होती. आत्याचे घर राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या शहरात होते. तिथे गेली असती तर बापलेकीची भेट वर्षातून दोनदा झाली असती. एवढे या एकवीस दिवसांवर होते आणि ते तिघांनाही ठाऊक होते.

बाकीच्या पाच मुलांनी चांगल्या सॅक उचलल्या होत्या. काकांनी तिला विचारले, "ही हिरवी घेतेस का बाळ?" ती म्हणाली, "नको." "मग ही लाल?" "नको." शेवटी त्यांनी मला खाली काढले. मला पाहून मात्र ती नको म्हणाली नाही. अशी मी तिच्या वाट्याला आले.

पुढचे बारा दिवस तिच्या तोंडून एवढा एकच शब्द निघाला. चहा? नको. आणखी घेतेस? नको. तुकडीत एक मुलगा होता, तो सकाळी डोळे उघडल्यापासून बोलत असे, म्हणून त्याचे नाव रेडिओ पडले होते. तो तिला नकोबाई म्हणू लागला. "नकोबाई, आज डोंगराला काय सांगायचं? बाजूला हो म्हणू का? नको? बरं, मग चढूया."

एकदा तिच्या ओठांचा कोपरा हलल्याचे रेडिओने सगळ्यांना सांगितले. पण तो कशावरही पैज लावणारा मुलगा होता, त्यामुळे कुणी विश्वास ठेवला नाही.

आता मी तुम्हाला तिथला एक नियम सांगते, कारण पुढचे सगळे त्या नियमामुळे घडले. कुणी झुडपाआड गेले, ओढ्यावर आंघोळीला गेले किंवा कपडे बदलायला गेले, की त्याने सतत "आहे, आहे" असे म्हणत राहायचे. पाठ फिरवून उभ्या असलेल्या ताईच्या किंवा दादाच्या कानावर तो शब्द पडत राहिला पाहिजे. थांबला की ते धावत येणार. पहिल्या दिवशी मुले या नियमाला हसतात. दुसऱ्या दिवसापासून गप्पा मारतामारता म्हणू लागतात. रेडिओ तर चाल लावून म्हणायचा.

ही मुलगी "आहे" म्हणेना. दादाने समजावले, ताईने समजावले. शेवटी ताईने तिला एक अॅल्युमिनियमचा पेला आणि एक चमचा दिला. "बोलू नकोस. वाजवत राहा. टण ऐकू आलं की मी समजेन, तू आहेस." हे मुलीला पटले. तेव्हापासून पेला आणि चमचा माझ्या पट्ट्याला दोरीने बांधलेले असत. चालताना ते एकमेकांना लागून वाजत, म्हणून ती मध्ये मोजा कोंबायची.

बाराव्या दिवशी डॉक्टरबाई आल्या आणि घरची पत्रे घेऊन आल्या. मुलीला बाबांचे पत्र होते. तिने ते वाचले, घडी घातली आणि माझ्या वरच्या खिशात ठेवले. थोड्या वेळाने काढले, पुन्हा वाचले, पुन्हा ठेवले. संध्याकाळपर्यंत त्या कागदाच्या घड्या मऊ पडल्या. डॉक्टरबाई शेजारी बसून म्हणाल्या, "सांगावंसं वाटतंय का काही?" ती म्हणाली, "नको."

दुसरा दिवस आंघोळीचा आणि कपडे धुण्याचा होता. ओढ्याच्या वळणावर दाट झुडपे होती. मुली एकेक करून सॅक घेऊन तिथे जात, अर्ध्या तासाने परत येत. तिची पाळी आली. ताई नेहमीप्रमाणे पाठ करून उभी राहिली आणि पेला वाजू लागला.

झुडपाआड पोचल्यावर मुलीने मला एका फांदीला अडकवले. पेला आणि चमचा मोकळे सोडले आणि त्यांची दोरी थोडी लांब केली. सकाळपासून वारा होता. फांदी हलली, मी हलले, आणि चमचा पेल्यावर आपटला. टण. तिने क्षणभर थांबून ऐकले. पुन्हा वारा आला, पुन्हा टण. तिने खिशातून पत्र घेतले आणि ओढ्याच्या कडेने खाली निघून गेली.

मित्रांनो, त्या दिवशी पेला मीच वाजवत होते. ती तिथे नव्हती आणि मी ताईला सांगत होते की ती आहे. मला ते थांबवता आले नाही. वारा आला की मी हलत होते. एवढी वर्षे मी ओझी वाहिली, पण त्या अर्ध्या तासाइतके जड मला कधी काही वाटले नाही.

लबाडी पकडली रेडिओने. तो पलीकडे चड्ड्या पिळत होता. "ताई," तो ओरडला, "नकोबाईचा ताल आज चुकतोय! मध्येच झोपते, मध्येच पळत सुटते!"

ताईने कान दिला. वारा पडला होता आणि पेलाही गप्प होता. मग झुळूक आली आणि पेला घाईघाईने वाजला. ताईचा चेहरा मी पाहिला नाही, पण ती झुडपे तोडत आली ते ऐकले. तिने मला पाहिले, पेला हातात धरला. एकदाच म्हणाली, "अगं बाई."

दादा बाकीच्या मुलांजवळ थांबला आणि त्याने वायरलेसवर खाली काकांना कळवले. ताईने मला खांद्यावर टाकले, कारण माझ्यात मुलीचे गरम कपडे होते आणि वर ढग उतरू लागले होते. ओढ्याच्या कडेने गेले की खाली गाडीरस्ता लागतो. मुलगी तिकडेच गेली असणार हे ताईला समजले. ती धावत होती, दगडावरून घसरत होती आणि दर पन्नास पावलांवर थांबून हाक मारत होती. हाक मारली की श्वास रोखून ऐकायची. तिचे काळीज माझ्या पट्ट्याखाली धडधडत होते.

धुके एवढे दाट झाले की समोरचे झाड जवळ गेल्यावरच दिसे. ताईने पुन्हा हाक मारली. काही नाही. ती पुढे निघाली, वीस-पंचवीस पावले गेली असेल, तेवढ्यात मागून आवाज आला.

"आहे!"

आम्ही दोघी थबकलो. आवाज कुणाचा ते कळेना, कारण तो आम्ही कधी नीट ऐकलाच नव्हता. घोगरा होता, गंज लागलेल्या कडीसारखा.

"आहे! ताई, इथे आहे! आहे!"

ओढ्यातल्या दोन दगडांच्या मध्ये ती बसली होती. पाय मुरगळला होता, गुडघा सोलला होता, आणि ओठ निळे पडले होते. ताई तिला रागावली नाही. आधी माझ्यातला स्वेटर काढून घातला, मग पायाला पट्टी बांधली, मग स्वतः तिच्याशेजारी ओल्या दगडावर बसली आणि मगच म्हणाली, "बोल."

"मला घरी जायचंय," मुलगी म्हणाली. "आजच. रविवारच्या आत."

"रविवारी काय आहे?"

मुलीने पत्र पुढे केले. ताईने ते मोठ्याने वाचले, तेव्हा मला त्यातला मजकूर कळला.

"बाळ, जेवत जा. ओले मोजे घालू नकोस. इकडे ठीक आहे. तू येण्याआधी घर नीट करतोय. आईचं कपाट रिकामं करायचं ठरवलंय, म्हणजे तुला आल्यावर त्रास नको. गरजूंसाठी जुनं सामान नेणारी गाडी येत्या रविवारी येणार आहे. तुझे बाबा."

ताईने बोटांवर दिवस मोजले. "अगं," ती म्हणाली, "हे पत्र लिहून दहा दिवस झालेत. काकांकडे पडून होतं. आणि आज मंगळवार आहे."

रानात वार कुणाला आठवत नाहीत. तिला पत्र काल मिळाले होते, म्हणून तिला रविवार अजून यायचा वाटत होता.

"म्हणजे गाडी येऊन गेली?"

"मला माहीत नाही. विचारू आपण."

ताईने वायरलेसवर काकांना सांगितले, काकांनी बाबांना फोन केला. एकवीस दिवसांत घरी फोन करायचा नाही असा नियम होता, पण ताई म्हणाली, "त्याचं नंतर मी बघते." आम्ही वाट पाहत राहिलो. थोड्या वेळाने वायरलेस खरखरला. "गाडी आली होती," काका म्हणाले. "सामान गेलं. सगळं."

तेव्हा ती रडली. दहा महिन्यांत पहिल्यांदा, हे तिने नंतर डॉक्टरबाईंना सांगितले. रडतारडता बोलत होती. आईच्या कपाटात खालच्या कप्प्यात डोके घातले की अजून वास येत असे. बाबा कामावर गेले की ती रोज तिथे बसायची. बाबांना हे माहीत नव्हते. कारण तिने सांगितले नव्हते आणि त्यांनी विचारले नव्हते. मुलीचे डोके माझ्यावर टेकले होते आणि माझे झाकण ओले झाले. यापूर्वी मी ओल्याला भीत असे. त्या दिवशी मला काही वाटले नाही.

त्यानंतर तिथला नियम बदलला. आता पेला चालत नाही. बोलवत नसेल त्याने शिट्टी वाजवायची. ती फांदीला अडकवली तर वाजत नाही.

मुलीने त्या रात्री ताईकडून कागद घेतला आणि बाबांना एकच ओळ लिहिली. "बाबा, आई काय लिफ्टचा खराब पार्ट होती?"

ताईने वाचले. "हेच पाठवायचं?"

"हो."

"ठीक आहे," ताई म्हणाली आणि पाकीट चिकटवले. सकाळी काका वर आले, त्यांनी ते खाली नेले.

मग आम्ही उत्तराची वाट पाहिली. सोळाव्या दिवशी डॉक्टरबाई पत्रे घेऊन आल्या, त्यात बाबांचे नव्हते. विसाव्या दिवशी आल्या, तेव्हाही नव्हते. आत्याचे मात्र आले. प्रवेशाचे काम झाले होते, फॉर्म घेऊन ती स्वतः येणार होती. मुलीने ते वाचून रेडिओकडे दिले. आता ती बोलत होती, फार नाही, लागेल तेवढे. रेडिओ म्हणाला, "आत्याचं अक्षर चांगलं आहे." ती म्हणाली, "तू तिच्याबरोबर जा मग."

एकविसाव्या दिवसाची तिथे एक पद्धत आहे. आईबाप वरच्या पठारापर्यंत चढून येतात. तिथून खाली गाडीरस्त्यापर्यंत मुलाची सॅक आईने किंवा बापाने वाहायची. मूल रिकाम्या हाताने पुढे चालते आणि वाट दाखवते. सॅकमधले काही काढून हलके करायचे नाही. पद्धत कुणी सुरू केली मला माहीत नाही, पण तो दिवस आम्हा सॅकना फार आवडतो.

आत्या पठारावर पोचली ती दगडावर बसूनच बोलली. "देवा! इथे चढून माणसं बरी होतात? मी आजारी पडायची वेळ आली!" बाबा तिच्यामागून आले. ते मुलीसमोर उभे राहिले. तिने मान वर केली नाही. ताईने मला उचलून त्यांच्या पाठीवर चढवले, कंबरेचा पट्टा आवळला, आणि आत्याला म्हणाली, "आपण मागून सावकाश जाऊ. मला तुमच्याशी बोलायचंय." आत्याला बोलायला कुणी मिळाले की ती नाही म्हणत नाही.

वाट उताराची होती. मुलगी पुढे, आम्ही मागे. बाबांची पाठ रुंद होती आणि ती पहिल्या दिवसाच्या मुलांसारखीच आखडलेली होती.

"जड आहे गं," बरेच अंतर गेल्यावर ते म्हणाले.

"सवय होते."

"अकरा किलो?"

"तेरा."

पुन्हा बराच वेळ पावलांखालचे खडेच वाजत राहिले.

"तुझं पत्र मिळालं."

"मग उत्तर का नाही दिलंत?"

"लिहिलं होतं. सातदा. पाठवण्यासारखं एकही नव्हतं." त्यांनी पट्टा खांद्यावर सरकवला. "तुला त्रास नको म्हणून लिहिलं होतं ना मी, ते खोटं होतं. मला बघवत नव्हतं. सकाळी शर्ट काढायला दार उघडलं की तिचं सगळं समोर."

"मग माझ्या खोलीत ठेवायचं."

"सुचलं नाही."

"विचारायचं."

"तू कुठे बोलत होतीस?"

"तुम्ही कुठे बोलत होतात?"

माझ्या पट्ट्यांमधून मला बाबांचा श्वास कळत होता. तो उताराच्या मानाने फार जोराचा होता.

"तुझं पत्र आल्यावर मी तिथे गेलो," ते म्हणाले. "जिथे सामान दिलं तिथे. मोठी खोली आहे, छतापर्यंत गाठोडी. तिथली बाई म्हणाली, शोधा तुमचं तुम्ही. चार दिवस जात होतो, कामावरून सुटलो की. चौदा वस्तू आणल्यात."

मुलगी थांबली, पण वळली नाही. "काय काय?"

"दोन स्वेटर. एक छत्री. रुमाल आहेत. चपलांचे तीन जोड."

"आईकडे तीन जोड नव्हते."

"तेच तर. तिचा कोणता कळेना, म्हणून तिन्ही आणले. स्वेटरचंही तसंच. दोन्ही तपकिरी आहेत. एक तिचा असेल. किंवा नसेलही."

आता ती वळली. "चपला कितव्या नंबरच्या?"

"एक पाच, एक सहा, एक आठ."

"बाबा, आईचा पाय केवढा होता ते माहीत नाही तुम्हाला?"

"नाही गं," बाबा म्हणाले. "लिफ्टमध्ये किती माणसं मावतात ते विचार, झोपेत सांगेन." आणि त्यांचे खांदे हलू लागले. तेरा किलो पाठीवर घेऊन ते वाटेच्या मधोमध उभे होते आणि मी त्यांच्याबरोबर हलत होते.

मुलगी जवळ आली. तिने त्यांच्या शर्टाची बाही धरली. "चार," ती म्हणाली. "आईला चार नंबर लागायचा. तिन्ही जोड दुसऱ्यांचे उचलून आणलेत तुम्ही." तिच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू होते की रडू, ते मला सांगता येणार नाही. "छत्री कोणत्या रंगाची?"

"हिरवी."

"दांडी वाकलेली?"

"थोडी."

"ती आईची आहे."

"आहे ना?" बाबांनी नाक पुसले. "मला वाटलंच होतं."

"बाकीचं घरी गेल्यावर बघू," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली. या वेळी मात्र फार पुढे नाही, हाताच्या अंतरावर.

गाडीरस्त्यावर आत्याने आम्हाला गाठले. तिच्या हातात फॉर्म होता. "मग? ठरलं का काही?"

"आत्या, मला घरी जायचंय," मुलगी म्हणाली. "बाबांनी चौदा वस्तू आणल्यात. त्या बघायच्यात मला."

"कसल्या वस्तू? अरे, कसल्या वस्तू?"

"अक्का, गाडीत सांगतो."

"गाडीत काय गाडीत! मी या गुडघ्यांनी..." आत्या थांबली आणि मुलीकडे पाहत राहिली. "ही बोलली," ती ताईला म्हणाली. ताई म्हणाली, "हो, बोलते." आत्याने फॉर्मने स्वतःला वारा घातला, मग त्याची घडी करून पर्समध्ये ठेवला. फाडला नाही. आत्या तशी सावध बाई.

गाडी आली. बाबा मला पाठीवर घेऊनच आत शिरायला गेले आणि दारात अडकले. ड्रायव्हर म्हणाला, "काका, आधी सॅक उतरवा, मग बसा." बाबांना बक्कल सापडेना. जन्मभर यंत्रे उघडणारा माणूस, पण बोटे चालेनात. मुलीने पुढे होऊन ती सोडवली.

आठ महिने झाले. ताईने परवा कोठारात बसून काकांना मुलीचे पत्र वाचून दाखवले, ते मी ऐकले. चौदापैकी चार वस्तू आईच्या निघाल्या. बाकीच्या दहा त्या दोघांनी नेऊन परत दिल्या. आईच्या कपाटाच्या अर्ध्या भागात आता मुलीचे कपडे असतात. ती आठवड्यातून तीन-चार दिवस शाळेत जाते, एखादा दिवस अजूनही अंथरुणातून उठवत नाही. डॉक्टरांकडे दोघे जातात. आत्या दर रविवारी फोन करून अर्धा तास रागावते.

मी आता चढाला जात नाही. माझ्या पाठीकडचे कापड विरले आहे. काकांनी मला कोठारातच खुंटीला टांगले आहे. इथे मोहीम संपली की सॅक रिकाम्या होतात आणि ते पाहणे आता माझे काम आहे.

म्हणून मित्रांनो, एक मागणे आहे. सॅक नीट वाळवून ठेवा, ओली कोंबू नका, हे तर आहेच. पण सॅक दुसऱ्याची असेल, आणि त्यात काय आहे हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर तिला उलटी करून झटकू नका. चुरगळलेला कागद असो, फाटका मोजा असो, तो हातात घ्या आणि ज्याचा आहे त्याला विचारा, "हे ठेवायचं का?" तो नको म्हणाला तरी जरा थांबा. पुन्हा एकदा विचारा.